तेंडलीचं लोणचं कुणी नासवलं?

माझं लोणचं कधी बिघडत नाही. पेडण्यात कुणालाही विचारा! चवथीला माहेरी आलेल्या पोरी जाताना माझ्याकडून लोणचं बांधून नेतात, ते काय उगीच?

गोवा राज्य झालं, त्या शनिवारी आम्ही परसातली तेंडली, तुमच्याकडची तोंडली, काढली. माझी सुविधा तेरा वर्षांची, प्रज्योत आठचा. "अरे प्रज्योत, चिरतोस किती नि खातोस किती?" म्हणून मी त्याच्या पाठीत एक हलकी चापटही दिली. चिरलेल्या फाका फडक्यावर पसरल्या. दिवसभर सुकू द्यायच्या, पाण्याचा थेंब राहिला तर लोणचं गेलंच, हे पोरांकडून मीच घोकून घेतलेलं.

पण संध्याकाळी शेजारच्या गोकुळदासांकडे रेडिओवर समारंभ ऐकायला जायचं होतं. सुविधाने फाका चाचपल्या.

"आई, ओल्या लागतात गो."

"मला शिकवतेस? भर लवकर!"

मीठ, मोहरी, मिरची, तेल. तिने कालवलं, मी बोयांवात दाबून भरलं. चिनीमातीची मोठी बरणी ती, माझ्या लग्नातली. तोंडाला फडकं बांधलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुविधाला पाळी आली, पहिलीच.

पोरगी मोठी झाल्याचं कळलं म्हणून दहा दिवसांनी डिचोलीहून कमल वन्सं आल्या. जेवताना मोठ्या तोऱ्यात मी बोयांव उघडलं, तर वर पांढरी बुरशी! वास तर विचारूच नका.

वन्संनी सुविधाकडे रोखून पाहिलं. "पाळीच्या आदल्या दिवशी हिनेच कालवलं ना? विटाळाचा हात लागला, मग आणखी काय होणार!"

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. माझं नाव शाबूत राहत होतं. तेवढ्यात सुविधाने दोन्ही हात फ्रॉकच्या मागे लपवले. जेवणाचा घास ताटात तसाच टाकून. स्वतःची लाज वाटली.

"वन्सं, लोणचं मी नासवलं," मी म्हणाले. "फाका ओल्या होत्या. पोरीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

"तू? तुझं लोणचं बिघडलं?"

"हो, माझं! डिचोलीला जाऊन सगळ्यांना सांगा. पण माझ्या पोरीच्या हाताला नाव ठेवायचं नाही."

वन्संनी बोयांव बाजूला सारलं. सुविधा मात्र हमसून रडायला लागली.

"सांगितलं होतं ना मी तुला! तू ऐकतच नाहीस गो माझं!"

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.