गुडघ्याची वाटी उडवणारा डबा

१.०

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे आणि मला हेवा वाटतो. आधी जन्म सांगावा, मग कष्ट, मग शेवटी दुःख, अशी रीत आहे. पण सध्या माझ्या पोटात हेव्याशिवाय दुसरं काही शिल्लक नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

ज्याचा हेवा वाटतो तो समोर चाकांवर उभा आहे. त्याला मोठा पडदा आहे. पडद्यावर रोज सकाळी मऊ फडकं फिरतं. त्याची वायर टांगायला खास आकडा आहे. माझी वायर माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून मला भुलीच्या सामानाच्या गाडीच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं होतं, मुदत संपलेल्या चिकटपट्ट्यांच्या सोबतीला.

वर लिहिलेला आकडा माझ्या बटणाचा आहे. मी विजेचा अगदी बारीक ठोका देतो, सेकंदाला दोन. भूल देणारे मोठे डॉक्टर एकावरून सुरुवात करत आणि सुई नसेच्या जवळ जाईल तसा आकडा कमी करत. आकडा लहान झाला आणि तरीही ठोका लागला, तर समजायचं की सुई अगदी जवळ पोचली. माझी गोष्टही मी तशीच सांगणार आहे.

०.८

एका लांब टेबलावर माझा जन्म झाला. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझे सांधे सोल्डरने जोडले, चार स्क्रू आवळले आणि बटण फिरवून पाहिलं. दिवा लुकलुकला. त्या "हं" म्हणाल्या आणि पुढचा डबा उचलला. माझं बारसं एवढंच.

या दवाखान्यात मी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली आलो. इथे गुडघ्याची फार कामं होत. धावताना, उडी मारताना गुडघा पिरगळतो आणि आतला लिगामेंट नावाचा दोर तुटतो. तो नवीन बसवतात. बसवताना भूल असते, पण भूल उतरल्यावर जी कळ येते, तिने भलेभले रडतात. म्हणून नसेभोवती आधीच औषध सोडून ठेवायचं. नस झोपते आणि दुखण्याचा निरोप जवळजवळ दिवसभर डोक्यापर्यंत पोचत नाही.

पण नस बाहेरून दिसत नाही. ती शोधायचो मी. जांघेत सुई जाई, सुईला माझी वायर जोडलेली असे, आणि बरोबर जागा आली की गुडघ्याची वाटी टक टक उडू लागे.

"नाचली!" मोठे डॉक्टर म्हणत. "वा रे पठ्ठ्या!"

शिकाऊ डॉक्टर वाकून बघत. हातमोजा काढून कोणीतरी माझ्या पाठीवर थोपटे. हजारो वाट्या नाचवल्या मी.

०.६

मग तो आला, चाकांवरचा सोनोग्राफीवाला. खोक्यातून त्याला चार माणसांनी उचलून काढलं. त्याच्याबरोबर नव्या डॉक्टर आल्या. त्या मांडीवर गार जेल लावत, त्याची काडी टेकवत आणि पडद्यावर सगळं उघड दिसे: कातडी, स्नायू, धडधडणारी रक्तवाहिनी, तिच्या कडेला नसेचा पांढरा ठिपका. सुई आत जातानासुद्धा दिसे.

मोठे डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले, "टीव्ही बघून कोण सुई देतं का?" तिसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून घेतली. महिन्याभरात ते स्वतः काडी फिरवू लागले. मला हे सगळं गाडीच्या वरच्या फळीवरून दिसत होतं. मग मधल्या खणाच्या फटीतून. मग दिसेनासंच झालं.

खोटं का बोलू? त्याचा पडदा काळा पडावा असं मी रोज म्हणत होतो. एकदा त्याची पिन निघाली आणि दोन मिनिटं पडदा गेला. ती दोन मिनिटं माझ्या सगळ्या म्हातारपणात सुखाची.

०.५

एके सकाळी ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीच्या खोलीत एक बाई आल्या. शाळेत खेळ शिकवणाऱ्या. मुलांना उंच उडी दाखवताना डावा गुडघा गेला होता. सोबत थोरली बहीण, हातात पिशवी आणि तोंडाचा पट्टा सुरू. भुलीची गाडी त्यांच्या पलंगाला लागून होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"पायात सुई नको," खेळाच्या बाई म्हणाल्या.

"सुई घेतली तर पहिली रात्र बरी जाईल," नव्या डॉक्टर म्हणाल्या.

"माहितीये. दहा वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याला इथेच घेतली होती. वाटी अशी टकाटका उडत होती, सगळे बघायला जमले होते."

मला आठवलं! मी खणात ताठ झालो.

"संध्याकाळी काही म्हणजे काही दुखत नव्हतं. म्हटलं, बाथरूमला जाऊन येते. पाय खाली टेकवला, तर मांडी नव्हतीच. मोकळ्या बाहीसारखा पाय दुमडला. नवा दोर तुटला. परत ऑपरेशन. त्या वेळी सुई घेतली नाही, तर दोन दिवस उशी चावत होते." त्यांचा आवाज खाली आला. "दुखलेलं परवडलं, डॉक्टर. या वेळी पडले तर शाळेत मला ग्राउंड देणार नाहीत. ऑफिसात बसवतील."

"घे की गं सुई," थोरली बहीण म्हणाली. "तुझी ती उशी मीच धुतली होती. भोकं पडलेली."

"ताई, तू गप."

०.२

या आकड्यावर मोठे डॉक्टर सुई मागे घेत. ठोका इतक्या कमी आकड्यावर लागला तर सुई नसेला खुपते आहे, असं समजायचं. तेव्हा इथे मी थोडंच बोलतो.

वाटी का उडते? कारण मी जी नस शोधायचो तीच मांडीचा स्नायू हलवते. तिला झोपवलं की दुखणं झोपतं आणि मांडीही झोपते. त्या बाईंच्या वाटीच्या नाचाला मी शाबासकी घेतली. त्याच संध्याकाळी त्या पडल्या, आणि दहा वर्षं मला कोणी सांगितलं नाही. मला जे शोधायला सांगितलं ते मी शोधलं होतं. तरी खणात मला त्या चिकटपट्ट्यांकडे बघवेना.

पुन्हा १.०

"आता जांघेत देत नाही," नव्या डॉक्टर समजावत होत्या. "खाली देते, मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला. तिथे दुखण्याची नस असते. मांडीची ताकद बरीचशी राहते. पडद्यावर दाखवू?"

खेळाच्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मला यात ढग दिसतात."

"मला मासा दिसतोय," ताई म्हणाली.

"तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मला कसं कळणार? मागच्या वेळीही सगळं बरोबर आहे असंच म्हणाले होते."

मोठे डॉक्टर दाराशी उभे होते. नव्या डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "सर, तो जुना डबा आहे का अजून?"

मित्रांनो, खण उघडल्यावर किती उजेड येतो म्हणून सांगू! मोठ्या डॉक्टरांनी माझ्या गळ्यातली वायर सोडली, मला पुसलं, नवी बॅटरी घातली.

"हे बघा," नव्या डॉक्टर खेळाच्या बाईंना म्हणाल्या, "याचा ठोका फक्त स्नायूच्या नसेवरच दिसतो. मी सुई पडद्यावर बघून नेते, हा चालू ठेवते. मांडी उडाली तर सुई स्नायूच्या नसेपाशी आहे. नाही उडाली तरच औषध सोडते. मांडी तुमची, तुम्हीच बघा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय थेंब जाणार नाही."

खेळाच्या बाईंनी होकारार्थी मान हलवली. उशी उंच केली. मांडीवरून नजर हलवली नाही.

आता माझी पाळी होती. चाकवाल्याचा पडदा लागला होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. मी ठरवलं, उडवायचीच. अशी उडवायची की त्याच्या ढगांकडे कोणी ढुंकून बघणार नाही.

सुई आत गेली. आकडा एकावर. आणि लागला की ठोका! मांडीची आतली बाजू, गुडघ्याच्या वर, टक टक टक.

"थांबा!" खेळाच्या बाई ओरडल्या. "उडतेय! तसंच उडतंय!"

पडद्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. सगळी खोली माझ्याकडे वळली. इतकी वर्षं मी याचीच वाट बघत होतो. आणि त्याच वेळी मला त्या बाईंचा चेहरा दिसला. पांढराफटक. पलंगाची कड दोन्ही हातांनी धरलेली.

"स्नायूची एक फांदी इथूनच जाते," नव्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "सुई जरा बाजूला घेते."

पडद्यावर सुई गव्हाच्या दाण्याएवढी सरकली. ठोका थांबला.

मी तितक्याच जोराने वीज पाठवत होतो. काही नाही. मांडी निवांत पडलेली. मोठ्या डॉक्टरांनी बटण आणखी थोडं वर नेलं. काही नाही.

"बंद तर नाही ना पडलं ते?" ताईने विचारलं. "जुनं दिसतंय."

जुनं! पण प्रश्न बरोबर होता. बंद पडलेला डबाही असाच गप्प असतो. नव्या डॉक्टरांनी सुई होती तिथे परत नेली. टक टक. पुन्हा बाजूला. शांत.

"चालू आहे," खेळाच्या बाई स्वतःच म्हणाल्या. आणखी दहा-बारा ठोके त्यांनी मांडीकडे बघत घालवले. मी एकेक ठोका देत होतो आणि एकही लागत नव्हता. जन्मात पहिल्यांदा मी मनात म्हणत होतो, लागू नको. आता लागू नको.

"द्या," त्या म्हणाल्या.

औषध आत गेलं. पडद्यावर रक्तवाहिनीशेजारी काळं तळं पसरलं. सगळ्यांनी अर्थातच तेच पाहिलं.

०

ऑपरेशन झालं. संध्याकाळी मोठे डॉक्टर वॉर्डात गेले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात राहून गेलो होतो.

"एकटीने उठायचं नाही," नव्या डॉक्टर सांगत होत्या. "ताकद असली तरी नाही. गुडघ्याच्या मागे थोडं दुखेल, तिथपर्यंत ही सुई पोचत नाही. उद्या सकाळी तिचा असर उतरायला लागेल. गोळी त्याच्या आधी घ्यायची, कळ आल्यावर नाही."

"मी घड्याळ लावून ठेवलंय," ताई म्हणाली. "हिच्यावर नका सोडू. लहानपणी ही कडू गोळ्या कुंडीत टाकायची. झाड मेलं आमचं."

"मांडी आवळा," नव्या डॉक्टर म्हणाल्या.

खेळाच्या बाईंनी डोळे मिटले. पट्ट्यांच्या आत मांडी घट्ट झाली. टाच गादीवरून बोटभर उचलली गेली.

मग उभं राहायचं होतं. पायाला आधाराचा पट्टा, समोर वॉकर, एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला ताई. त्या उभ्या राहिल्या, पण ऑपरेशनच्या पायावर भार टाकेनात. समोर बाथरूमचं दार होतं.

"ताई, सोडू नकोस."

"सोडते कुठे? मागच्या वेळी चहा आणायला गेले होते, दहा वर्षं तोच चहा पितेय मी."

खेळाच्या बाई हसल्या, आणि हसता हसता पाय टेकवला. मांडी होती. मी खिशाच्या काठावरून मोजलं. दारापर्यंत सात पावलं, परत येताना नऊ, कारण दमल्या होत्या.

पलंगावर बसल्यावर त्यांनी डोळे पुसले. "डॉक्टर, तुमच्या त्या पडद्याला माझी शाबासकी सांगा."

पडद्याला! मित्रांनो, मी खिशात नुसता पेटलो. मोठ्या डॉक्टरांचा हात आत आला, माझ्यावर राहिला. पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्या घरात कोणाला अशी सुई दिली, तर पाय दुखत नाही म्हणजे बरा झाला असं धरून चालू नका. त्यांना उठताना हात द्या, चहा नंतर आणा. आणि आमच्यासारख्या जुन्यांना कपाटात ठेवताना बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती आतून झिरपते आणि आम्ही कुजतो.

मी आता मधल्या खणात असतो. चाकवाला चाकांवरच आहे, त्याच्या पडद्यावर फडकं फिरतं आणि मी जळतो. बरेच दिवस मला कोणी काढत नाही. पण संध्याकाळी ही गाडी वॉर्डच्या दारावरून नेतात, तेव्हा मी जळणं थांबवून कान देतो. आत कोणी पडल्याचा आवाज येतो का, ते ऐकतो.

आज आला नाही.