खरं ओळखणारी खुर्ची

दुपारचे चार वाजले की लिमा शहरातल्या टेकडीवरल्या मंडईत बटाटासुद्धा विकला जात नसे. सगळे टीव्हीपुढे. पडद्यावर रोज एक नवरा तारा धरून खोटं पकडणाऱ्या खुर्चीत बसे, खोटं बोलला म्हणून लाल दिवा लागे, बायको हंबरडा फोडे आणि प्रेक्षक आनंदानं ओरडत, "हाकला! हाकला!" कुणाचा तरी संसार मोडल्याशिवाय मंडईला जेवण पचत नसे.

मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एलेउतेरिओनं तशीच खुर्ची मंडईत मांडली. "यंत्र आहे, सेन्योरा! याला ना सासू, ना मेहुणी. हे कशाला खोटं बोलेल?"

मासळीवाल्या नेलिदाला हा मुद्दा बिनतोड वाटला. तिनं नवऱ्याला गाळ्यावरून ओढतच आणलं.

"फोर्तुनातो, दुसरी कोणी आहे?"

"नाही गं बाई!"

दिवा लालभडक. "हाकला!" मंडई गरजली. बावीस वर्षांचा संसार दीड मिनिटात निकालात. टीव्हीवर निदान मध्ये जाहिराती तरी असतात. फोर्तुनातो कपड्यांचं बोचकं घेऊन बहिणीकडे गेला.

शनिवारपर्यंत मासळीच्या गाळ्यांच्या रांगेतले अकराच्या अकरा जण खोटारडे ठरले. कापडाच्या रांगेत मात्र सगळे संत. मेलितोन कापडवाला तर छाती काढून फिरू लागला. त्याचा मीटर आजवर कधी शंभर सेंटिमीटर भरला नव्हता.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ओब्दुलियाबाई मासे घ्यायला आल्या.

"नेलिदा, सगळी लबाडी तुमच्याच रांगेत कशी गं जमली?"

"यंत्र सांगतंय, बाई."

"मेलितोन, या इकडे. या मासळीच्या बादलीत हात बुडवा. आता बसा. नाव काय?"

"मेलितोन!"

लाल.

"नीट आठवून सांगा."

"अहो, मेलितोनच! आईशपथ!"

लालच.

"खारं पाणी," बाई म्हणाल्या. "खारट, ओल्या हातातून खुर्चीतल्या सेलची वीज चटकन जाते, दिवा लागतो. कोरड्या हातातून जात नाही. मासळीवाला इथं मुका बसला तरी खोटाच ठरणार."

"पण टीव्हीवर..." एलेउतेरिओ चाचरला.

"तिथलं बटण कुणाच्या हातात असतं, विचारलंत कधी?"

नेलिदा हात न पुसताच टेकडी चढू लागली. मागोमाग चाळीसेक माणसं. नणंदेच्या दाराशी ती गर्दीकडे वळली.

"काय हवंय?"

"बघायचंय, फोर्तुनातो काय म्हणतो ते!"

"त्याला मी विचारीन. तुमच्याशिवाय."

दार लागलं. गर्दी हिरमुसून पायऱ्यांवर बसली. धापा टाकत आलेल्या बाई म्हणाल्या, "उठा. आधी दिवा तपासायचा, मग माणूस. आणि माणसाला विचारायचंच असेल, तर असं, दार लावून."