हजरतांना सगळं कळतं

राजुरीत तबस्सुमच्या ओट्यावर बायकांची ही गर्दी! तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून मौलवी हजरत डोळे मिटून बोलत होते, "बहन, ये वीडियो तुझ तक यूँ ही नहीं पहुँचा. तेरे बच्चे को झटके आते हैं ना? दवा छोड़, यकीन पकड़!"

"या बया! यांना तबस्सुमच्या सुफियानचं कसं कळलं?" चिमाबाईनं तोंडावर हात ठेवला.

तबस्सुमनं त्याच दिवशी पोराच्या फिटच्या गोळ्या थांबवल्या, तरी पंधरवडाभर त्याला झटका आला नाही. करामतच म्हणायची!

मशिदीत मुलांना शिकवणारे नजीरचाचा कळवळून म्हणाले, "बेटी, दुवा मीबी करतो. पण गोळी नको थांबवू. डॉक्टरला इचार."

"चाचा, त्यांना लाखो लोक ऐकत्यात. तुमाला कोण? आमची पोरं, तीबी तुमच्या खजुरासाठी!" तबस्सुम म्हणाली.

सगळ्या हसल्या. चाचाही हसले. आत मात्र काहीतरी मोडलं.

पुढच्याच आठवड्यात शेततळ्याच्या काठावर खेळताना सुफियानला झटका आला आणि तो पाण्यात पडला. जवळ कुणी नव्हतं.

सुफियानच्या चाळिसाव्याच्या दिवशी तबस्सुमनं चाचांपुढं मोबाइल धरला. हजरत सांगत होते, "जिस माँ की गोद सूनी हुई..."

"बघा, हेबी कळलं त्यांना. लई पोचलेलेत."

चाचा सांत्वनाला आलेल्या हर्षालीबाईंना म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर 'मुलाला झटके' शोधा. येईल ते शेवटपर्यंत बघा."

चहा निवेपर्यंत हजरत हजर! "बहन, ये वीडियो तुझ तक यूँ ही नहीं पहुँचा..."

"मला तर मूलच नाही," हर्षालीबाई पुटपुटल्या. पाठोपाठ एक गंधवाले महाराज आले, "माउली, हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत उगाच आला नाही..."

"तू काय शोधतेस, बोट कुठं थांबतं, तेवढं यंत्र टिपतं," चाचा तबस्सुमला हळू म्हणाले. "तसलंच पुढं आणतं. ज्याला जास्त लोक बघत्यात, त्याला आणखी वर चढवतं. त्याला इल्म किती, खरं ज्ञान किती, हे इचारत न्हाई. तू रडणाऱ्या आया बघत बसलीस, म्हणून हे आलं."

तबस्सुमनं पडद्यावरच्या हजरतांवर बोट टेकवलं. "म्हंजी सुफियानचं नावबी म्हाईत नव्हतं त्यांना?"

"न्हाई, बेटी."

तिनं हंबरडा फोडला. खरं सांगणं इतकं निर्दयी असेल, हे चाचांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चाचा मशिदीत मुलांपुढं बसले. "लेकरांनो, दुवा जरूर मागा, पण औषध सोडू नका. कुणी सोड म्हणालं, तो पडद्यावरचा असो नाहीतर मी असो, त्याला तोंडावर इचारा, 'तू मला तपासलंस कधी?'"