हरणाबाईचा पस्तावा

जयराजनं आत्तीवर, म्हणजे हरणाबाईवर, कादंबरी लिहिली, तिच्यावर बक्षीस मिळवलं, आता तिचा सिनेमाही निघाला. आणि तो दाखवायला हा गडी आत्तीलाच विट्याच्या टॉकीजात घेऊन आला. छातीच म्हणायची त्याची!

हरणाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नवरा जाऊन तीस वर्षं झाली, पोटी मूलबाळ नाही. पलूसजवळचा दोन एकर ऊस मात्र तिचा स्वतःचा, बापाच्या जमिनीतला वाटा. आमच्याकडं बाप गेला की बहिणींनी तालुक्याला जायचं, हक्कसोडीवर अंगठा उठवायचा, भावाकडून साडीचोळी घ्यायची आणि माहेर राखायचं, अशी रीत. हरणाबाईनं अंगठा दिला नाही. भाऊ आकाराम चाळीस वर्षं तिच्याशी बोलला नाही. मरतानाही त्यानं तिला बोलावलं नाही.

जयराज त्या आकारामचा पोरगा, सांगलीच्या कॉलेजात मराठी शिकवणारा. बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. गाडीतच त्यानं सांगून ठेवलं, आधी सिनेमा बघा, मनाला पटलं तर तसंच तालुक्याला जाऊ, जमिनीचं बक्षीसपत्र माझ्या नावानं टाइप करून आणलंय. सोबत पैठणीही होती. हरणाबाई ‘बघू की’ म्हणाली आणि धाकट्या बहिणीच्या लेकीला, शिवांजलीला, बरोबर घेतलं. शिवांजली शाळेत पोरांची खिचडी शिजवते, भाड्याच्या खोलीत राहते.

सिनेमाचं नाव कसलंसं सावलीबिवलीचं. पडद्यावरची म्हातारी उसाच्या सरीतनं चालली तरी साडीला चिखल म्हणून नाही. अडीच तास ती नुसती रडली. जमीन घेतली म्हणून रडली, माहेर तुटलं म्हणून रडली. शेवटी भावाच्या फोटोपुढं डोकं टेकून ‘चुकले रे दादा’ म्हणाली, भाच्याच्या हातात कागद दिला आणि मेली. टॉकीजातल्या बाया पदरानं नाकं पुसत होत्या.

हरणाबाईही रडली, खोटं कशाला सांगा? लहानपणी आकाराम तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायचा, ते आठवलं आणि तिचा जीव तुटला. जयराजनं ते डोळे बघितले. झालं काम, असं त्याला वाटलं.

बाहेर त्यानं चहा मागवला, पैठणी तिच्या मांडीवर ठेवली आणि हळूच विचारलं, "आत्ती, पस्तावा होतोय न्हवं?"

"व्हतोय की. लय व्हतोय."

जयराजनं पेन काढलं.

"तुझ्या बानं आमा दोघी भणींस्नी एकाच दिवशी तालुक्याला न्हेलं व्हतं," हरणाबाई म्हणाली. "मी माझा हात मागं घेतला. मनूनं अंगठा दिला, अन मी गप बघत हुबी ऱ्हायले. तिचा हात धराय पायजे व्हता. धरला न्हाई मी."

मनुबाईचं पुढं काय झालं ते जयराजला ठाऊक होतं, कादंबरीत मात्र ती कुठंच नव्हती. रांडावल्यावर तान्ह्या शिवांजलीला घेऊन ती माहेरी आली, तर आकारामनं तिसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून दिलं. साडी घेतलीस ना, आता तुझं इथं काय राहिलंय, म्हणाला. लोकांच्या रानात भांगलून भांगलून मेली बिचारी.

हरणाबाईनं पैठणी जयराजला परत दिली.

"चल तालुक्याला. बक्षीसपत्रच करायचं हाय, फकस्त नाव बदल. शिवांजलीचं घाल."

जयराजचा चेहरा उतरला. गाव काय म्हणेल, माहेर कायमचं तुटेल, असं तो बरंच बोलला.

"तुटलेलं काय तुटतंय रं? तू येत नसलास तर एसटी हाय."

शिवांजली पार घाबरून गेली होती. हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, नगं. माझ्यापायी वाद नगं. मला काय बी नगं."

"तुझी आई बी त्या दिवशी आसंच म्हणाली व्हती," हरणाबाई म्हणाली. "ऊठ."