मनगटावरचं रबर

मास्तरांचा आवाज असा होता की शिवणकामाच्या कारखान्यात सगळी मशीनं एकदम चालू असली, तरी तो शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. एखादी कॉलर वाकडी बसली की त्यांचा पारा चढायचा, आणि पाऱ्याबरोबर रक्तदाबही. शेवटी बायकोनं त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, उत्साही होते. त्यांनी मास्तरांच्या मनगटात एक जाड रबर अडकवलं. "राग आला की तोंड उघडायच्या आधी हे ओढायचं आणि सोडायचं. ओरडणं म्हणजे चटका, हे मेंदूला एकदा पटलं की तो आपणहून गप्प बसेल."

मास्तरांनी नेम पाळला. मनगट लाल झालं, पण तोंड बंद राहिलं. रक्तदाब उतरला. "देवानं मला कान दिलेत ते आज कळलं," बायको म्हणाली. मास्तर खुशीत.

कारखान्यात मात्र भलतंच सुरू झालं. रबर चट्‌कन वाजलं की सगळी मशीनं थांबत. बायका माना खाली घालून आपापली शिवण तपासत, आणि चांगली शिवणही उसवून पुन्हा घालत. काम मागे पडू लागलं. त्याचा मास्तरांना राग येई, रबर वाजे, की आणखी चारजणी उसवायला बसत.

सगळ्यांत जुन्या काकू एकदा चहाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ आल्या.

"मास्तर, एक बोलू? तुम्ही आपलं ओरडत जा."

"काय म्हणता काकू?"

"ओरडायचात तेव्हा कोणाचं चुकलं ते तरी कळायचं. जिला बोलणी बसायची ती घटकाभर फुगायची, संपलं. आता चट्‌ वाजलं की प्रत्येकीला वाटतं, आपलंच चुकलं. परवा घरी सुनेनं भाजीच्या जुडीचं रबर ओढलं, तर माझ्या हातातली कपबशी पडली."

मास्तरांनी हे डॉक्टरांना सांगितलं. त्यांना वाटलं, डॉक्टर जरा ओशाळतील. डॉक्टरांचे डोळे चमकले. "एका रबरात अख्खा कारखाना," ते म्हणाले. "पद्धत किती पक्की आहे बघा."

मास्तरांनी त्यांच्यासमोरच रबर काढून टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी काजं करणाऱ्या मुलीनं काजं उलट्या बाजूला पाडली. मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि पूर्वीसारखे कडाडले. कारखान्याचा जीव भांड्यात पडला. मशीनं थांबली नाहीत. मुलगी फुगली, तिची शेजारीण तोंडाला पदर लावून हसली.

पण बोलता बोलता मास्तर मध्येच "स्स" करून थांबले. रबर नव्हतं, तरी मनगटाला चटका बसला होता.

"हात दुखतोय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग थांबलात का? पुरं करा की. तिला अजून नीट कळलेलं दिसत नाही."

मास्तरांनी उरलेलं पुरं केलं, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरून. अजून ते तसंच ओरडतात. नव्यानं कामाला लागलेल्या बायकांना वाटतं, त्यांचा हात कधीतरी मोडला असावा. एकीनं तर चोळायला घरचं तेल आणून दिलं. मास्तरांनी ते मुकाट्यानं घेतलं.