जुन्नरच्या देवळातला निशिगंध

सलोमीबाई भालेराव नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि बोरी बुद्रुकला आपल्या अर्ध्या एकरात निशिगंध लावून राहिल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. विहिरीशेजारच्या दोन खोल्यांत त्यांनी दोन माणसं आणून ठेवली होती. एक गेणूभाऊ, जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळीतलेच, एकेकाळी भजनाला ढोलकी वाजवणारे. दुसरी आहुप्याची सरूबाई, जिला घरच्यांनी गोठ्यात टाकलं होतं. दोघांनाही कुष्ठरोग झाला होता. गोळ्या पुऱ्या होऊन रोग गेला होता, पण पाय बधिर झालेले. तळव्याच्या जखमा भरायच्या आणि पुन्हा चिघळायच्या. बाई रोज त्या धुऊन पट्टी बांधायच्या. फुलं पुण्याच्या मार्केटला जायची आणि त्यावर तिघांचं भागायचं.

दर रविवारी, फुलं मार्केटला नेणाऱ्या अमृतच्या टेम्पोतून तिघं जुन्नरच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला जात. सरूबाई ख्रिस्ती नव्हती, पण तिला तिथली गाणी आवडायची.

१९९६ साली ईस्टरच्या आदल्या रविवारी देवळाच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी सावळेराम गुरुजी बाईंना बाजूला घेऊन बोलले. कमिटीचं असं ठरलं होतं, की या दोघांनी पुढच्या वेळेपासून बाहेर ओसरीत बसावं. उन्हाळ्याचे दिवस, जखमांचा वास येतो, पोरंबाळं नाक धरतात. ईस्टरला पुण्याहून पाहुणे यायचे होते. ओसरीत स्पीकर लावायची व्यवस्था करू, असंही ते म्हणाले. हा रोग आता कुणाला लागणारा नाही, हे बाईंनी समजावून सांगितलं. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रश्न लागण्याचा नाही, बाई. वासाचा आहे."

गेणूभाऊ मागेच उभे होते. ते खाली मान घालून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. आमी बसू भाईर."

याच देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता, लग्न झालं होतं. आणि आता तेच आपणहून बाहेर जायला तयार झाले होते. गुरुजींच्या बोलण्यापेक्षा बाईंना हे जास्त लागलं.

आठवडाभर त्यांच्या डोक्यातून ते जाईना. जखमा धुताना त्या मुद्दाम वास घेऊन बघायच्या. वास येत होता, खोटं कशाला बोलायचं. पण वास येतो म्हणून माणूस दाराबाहेर ठेवायचा, आणि तोही जिथे सगळ्यांना या म्हणून बोलावतात त्या दाराबाहेर, हे त्यांना पटेना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाळकांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मोठा संदेश दिला. बायका रडल्या. बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही. गेणूभाऊ आणि सरूबाई तेव्हा ओसरीत, स्पीकरखाली बसले होते.

ईस्टरला झुंजूमुंजू होताच बाई मजुरीला येणाऱ्या लंकाबाईला घेऊन शेतात उतरल्या आणि फुललेली, कळीत असलेली सगळी फुलं तोडली. एक दांडा मागे ठेवला नाही. ऐन लगनसराई होती. टेम्पो भरताना अमृतने विचारलं, "पुण्यालाच ना?"

"न्हाई. जुन्नरला. देवळात."

अमृतने परोपरीने सांगून पाहिलं. आज मार्केटला असा भाव पुन्हा मिळणार नाही, पुढचा महिना कसा काढणार, असं तो कळवळून सांगत होता. बाईंनी तोपर्यंत सरूबाईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं होतं.

लोक येण्याआधी त्यांनी फुलं मांडली. खिडक्यांत, बाकांच्या कडेने, प्रभुभोजनाच्या टेबलाखाली, जिथे जागा दिसेल तिथे. वास फाटकापर्यंत येत होता. मग ढोलकीशेजारी, अगदी पुढे, चटई टाकून त्यांनी दोघांना बसवलं. सरूबाईने चौफेर बघितलं.

"कुणाचं लगीन हाय का वं?" तिने विचारलं.

गुरुजी पाहुण्यांना घेऊन आत आले आणि दारातच थबकले. चटईवरच्या दोघांकडे त्यांनी पाहिलं, पण बोलले ते फुलांविषयी.

"बाई, हा केवढा नास. हा माल विकला असता तर किती गरिबांची सोय झाली असती."

देऊळ निम्मं भरलं होतं. बाई हातातली फुलं घेऊन वळल्या.

"कुठल्या गरिबांची, गुरुजी?"

"म्हणजे गोरगरिबांची. आपल्या भागात काय कमी आहेत?"

"एकाचं नाव सांगा."

बाईंचा आवाज चढला नव्हता.

"हे दोघं गरीब हायत. ह्यांची नावं तुमाला ठावं हायती, तरी तुमी त्यांना भाईर बसवलं. वास येतो म्हणालात. घ्या आता वास. देव मरणातून उठला म्हणून ही फुलं मी त्याला आणलीत, माझ्याकडं व्हती न्हवती तेवढी. पण ह्यांना उंबऱ्याभाईर ठेवून तो आत येतोय, असं मला न्हाई वाटत. तुमाला वाटत असंल तर तसं सगळ्यांसमोर म्हणा."

गुरुजींनी पाळकांकडे पाहिलं. तरुण पाळक कमिटीच्या बैठकीत गप्प बसले होते. आता त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला आणि स्वतःच गायला लागले. गुरुजी पाहुण्यांसकट निघून गेले. गुरुजींच्या पत्नी प्रयागबाई दाराशी घुटमळल्या, मग परत फिरल्या आणि येऊन सरूबाईच्या शेजारी चटईवर बसल्या. सरूबाईने सरकून त्यांना जागा दिली.

गेणूभाऊंनी ढोलकी मांडीवर ओढली. बोटं झिजलेली, ताल दोनदा चुकला. कुणी हसलं नाही.

तो महिना अमृत म्हणाला तसाच गेला. लंकाबाई मजुरी न घेता राबली आणि घरातून भाजी आणत राहिली. कमिटीने निर्णय मागे घेतला नाही, तसा कुणी पुन्हा काढलाही नाही. गुरुजी बाईंशी बोलायचे थांबले. एकदा गेणूभाऊंनी विचारलं, बाई, राग गेला का? बाई म्हणाल्या, गेला नाही, आणि जावा असं मागणंही मी देवाकडे मागत नाही.

पावसाळा तोंडावर आला होता, तेव्हा एका दुपारी प्रयागबाई एसटीने एकट्याच बोरीला आल्या. पाणी प्यायल्या, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "मला पट्टी बांधायला शिकवा."

"गुरुजींना ठावं हाय?" बाईंनी विचारलं.

"सांगून आलेय."

बाईंनी त्यांना हात धुवायला साबण दिला.