साडूचा एकोणीस वेळा खोललेला नळ

माझ्या साडूचं व्हिडिओंचं चॅनेल माझ्यानंतर दोन वर्षांनी सुरू झालं आणि बघता बघता सत्तर हजार प्रेक्षकांवर गेलं. माझं एकोणीसशेवर अडलंय. हे मी कुणी विचारलेलं नसताना सांगतो, त्यावरून माझी प्रकृती ओळखावी.

विषय दोघांचा एकच, घरातल्या किरकोळ दुरुस्त्या. गळका नळ, करकरणारं दार, डुगडुगणारी खुर्ची. मी बावीस वर्षं एका मोठ्या इमारतीची देखभाल सांभाळली आणि ती नोकरी सोडून या धंद्यात उडी घेतली. साडू विम्याच्या कचेरीत टेबलाशी बसतो आणि हे सगळं रविवारी, फावल्या वेळात करतो. त्याला पाना कसा धरतात तेसुद्धा धड येत नव्हतं. तरी सासूबाई आल्यागेल्याला धाकट्या जावयांचेच व्हिडिओ दाखवतात. माझे त्या सवडीनं बघणार आहेत. तीन वर्षं झाली, सवड काही मिळाली नाही.

"नशीब असतं एकेकाचं," मी बायकोला म्हणायचो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणायची आणि पुन्हा भाजी चिरायला लागायची.

हत्यारं बनवणाऱ्या एका कंपनीला वर्षभराच्या मालिकेसाठी माणूस हवा होता. तीन मिनिटांचा नमुना पाठवायचा, नळाचा वायसर बदलून दाखवायचा. त्याआधी दोन कंपन्यांनी मला "कळवतो" म्हणून काहीच कळवलं नव्हतं. बायको कंटाळली होती, मीही कंटाळलो होतो. मी तिला शब्द दिला की हेही हातचं गेलं, तर एक तारखेपासून जुन्या नोकरीवर परत. साहेबांची परत घ्यायची तयारी होती. त्या इमारतीच्या तळघरात, पंपाच्या आवाजात पुन्हा बसायचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. मी नमुना केला तो असा स्वच्छ, की एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. दोन टेकमध्ये काम संपलं. पाठवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी साडू दारात हजर. हातात पेन ड्राइव्ह, चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू.

"साडूभाऊ, अडलोय. आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय आणि एका कंपनीला परवापर्यंत नमुना पाठवायचाय. तेवढं कापून जोडून द्याल का? तुमचा हात चांगला आहे."

नाव विचारलं तर कंपनी तीच, आणि मीही उमेदवार आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. बायको चहा घेऊन आली, तिच्यासमोर नाही कसं म्हणणार?

दुपारी खोलीचं दार लावून मी त्याचं चित्रीकरण उघडलं. तीन मिनिटांच्या नमुन्यासाठी पावणेतीन तासांचं. मला वाटलं होतं, हा हसत हसत एका फटक्यात उरकत असेल. त्यानं तोच नळ एकोणीस वेळा खोलला होता. चौथ्या वेळी पाना निसटला, आठव्या वेळी वायसर सिंकमध्ये पडून नाहीसा झाला, अकराव्या वेळी बोट चेमटलं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग वळला आणि पहिल्यापासून सुरू केलं. चौदाव्या वेळी मेन कॉक बंद करायलाच विसरला. पाण्याचा फवारा थेट तोंडावर, चष्मा जमिनीवर, शर्ट ओलाचिंब. नाकावरून पाणी ठिबकत असताना म्हणतो, "बघितलंत? आधी मेन कॉक बंद करायचा. मी केला नाही."

मी पाहत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. नशिबावर चाललं असतं तर मला सोसलं असतं. नशिबाला शिव्या घालून माणसाला जेवता तरी येतं. हा गृहस्थ कष्ट करत होता, आणि त्यामुळे तो मला जास्तच नकोसा झाला.

एकोणिसावा टेक निर्दोष होता. मी तो लावला आणि अगदी सुरुवातीला चौदाव्यातला फवारा चिकटवून दिला. हत्यारांची कंपनी आहे, असा बावळट कशाला घेईल? विचारलंच तर म्हणेन, चुकून राहिलं. फाइल साडूच्या फोनवर पाठवली आणि दोन घास जास्त जेवलो.

आठवड्यानं मला पत्र आलं. नमुना नीटनेटका आहे, पण निवड झालेली नाही. तासाभरात साडूचा फोन आला. त्याची निवड झाली होती. तो फवारा म्हणे त्यांनी बैठकीत चार वेळा लावून पाहिला.

रविवारी सासऱ्यांकडे सगळे जमलो. सासूबाईंनी मला पहिल्यांदाच आधी वाढलं. "थोरल्या जावयांनी जोडून दिलं म्हणून झालं हो," त्या दोनदा म्हणाल्या. खाई त्याला खवखवे. जेवण झाल्यावर मी साडूला गॅलरीत घेऊन गेलो.

"तो फवारा मी मुद्दाम ठेवला होता," मी म्हणालो. "तुमचं हसं व्हावं म्हणून. मीही नमुना पाठवला होता."

"तुम्ही पाठवला होतात हे माहीत नव्हतं," तो म्हणाला. "बाकीचं माहीत होतं."

"म्हणजे?"

"पाठवण्याआधी पाहणार नाही का मी? डोकंच फिरलं. तुम्हाला शिव्या द्यायला फोन हातात घेतला होता. मग म्हटलं, पुन्हा एकदा बघू. तो शॉट चांगला होता, साडूभाऊ. राग आला तरी चांगलाच होता. म्हणून राहू दिला." तो कठड्याला टेकला. या वेळी हसत नव्हता. "मी वायसर बसवायला तुमच्याच व्हिडिओंवरून शिकलो. पण तुम्ही कधी चुकतच नाही. बघणाऱ्याला वाटतं, हे काही आपल्याला जमायचं नाही."

त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर निदान फिट्टंफाट झाली असती.

घरी परतताना बायकोला सगळं सांगून टाकलं.

"मग एक तारखेपासून डबा करायचा ना?" तिनं विचारलं.

"नाही."

"शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडतोय. उद्या सकाळी पुन्हा नळ खोलणार, आणि चुकलो तर चुकलेलं ठेवणार. त्यानं एकोणीस वेळा केलं. मी वीस वेळा करीन."

"अहो, पण कशाच्या जोरावर? तीन कंपन्यांनी नाही म्हटलं."

"खरं सांगू? जळतोय मी त्याच्यावर. इतका, की मला तळघरात बसवणार नाही."

ती थांबली आणि तिनं मला नीट न्याहाळून घेतलं.

"आणि हा जळफळाट किती दिवस पुरणार?"

"साडू आहे तोवर," मी म्हणालो.